राजीखुशीपर्यंत

"हे घे. मोठ्यानं वाच आणि लवकर आटप," शेटेबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या आणि टाइप केलेली तीन पानं माझ्यापुढं सरकवली.

बाईंचा घसा बसला होता. एरवी हे काम गुरवकाकांचं. गुरवकाका म्हणजे बाईंचे कारकून. ते पक्षकाराला दस्त वाचून दाखवायचे तेव्हा सुरुवातीचं 'कारणे' आणि शेवटचं 'सही' एवढंच कळायचं, मधे सगळा भुंगा. पण त्या दिवशी ते रजिस्टर ऑफिसात नंबर धरून बसले होते, आणि वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही हा बाईंचा नियम होता. मग उरले मी.

मी नुकतीच नववी संपवली होती. आमच्या शाळेनं त्या वर्षी नवीनच टूम काढली होती. मे महिन्यात प्रत्येकानं कुठंतरी जाऊन खरं काम बघायचं, अनुभव घ्यायचा, आणि जूनमध्ये त्यावर वर्गात बोलायचं. कुणी दवाखान्यात गेलं, कुणी बँकेत. मी वकिलाचं ऑफिस मागून घेतलं. कारण उघड होतं. त्याच जानेवारीत मी सांगलीला जिल्हा वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. तोवर वर्गात 'हजर' म्हणायलासुद्धा मी लाजायचे, आणि आता माझी खात्री पटली होती की जगात दोनच प्रकारची माणसं असतात, माझं भाषण ऐकलेली आणि ऐकायची राहिलेली. कोर्ट म्हणजे मोठ्ठं व्यासपीठ आणि वकील म्हणजे रोज पहिला नंबर काढणारा माणूस, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मी आठवडाभर कागदांना भोकं पाडत होते, फायलींना नाड्या बांधत होते, आणि कोर्टात गेले तेव्हा 'पुढची तारीख' एवढे दोनच शब्द ऐकून परत आले होते.

त्यामुळं बाईंनी 'मोठ्यानं वाच' म्हटल्यावर मी खुर्चीत ताठ बसले. खरं तर उभीच राहणार होते.

टेबलापलीकडं दोघं बसली होती. मालनमावशी आणि तिचा धाकटा भाऊ शहाजी. मावशी पन्नाशीची, काळीसावळी, उन्हात काम करून चेहरा टणक झालेली. शहाजीकाका गलाईवाले. आमच्या विट्याच्या आसपास हे नवीन नाही. घरटी एक माणूस कुठल्यातरी लांबच्या शहरात भट्टीवर सोनं-चांदी गाळायला गेलेला असतो आणि गावच्या जत्रेला परत येतो. हे गुंटूरला होते. तिथं सगळे त्यांना शेठ म्हणत असावेत, कारण बसण्यात तशी ऐट आली होती. मधेच फोनवर तेलुगूत बोलायचे, आणि ठेवला की पुन्हा आमच्यासारखे.

"वकीलबाई, नंबर कितीचा हाय?" त्यांनी विचारलं.

"जेवणाच्या सुट्टीआधी होईल. गुरव फोन करतील."

"मग झालं. आक्का, सही झाली की सरळ हॉटेलात. मटण सांगून ठेवलंय. आन तुझी साडी गाडीत हाय, जरीकाठी."

"एवढं कशाला रं," मावशी म्हणाली, पण हसली.

मी वाचायला सुरुवात केली.

तो हक्कसोडीचा दस्त होता. वडील वारल्यावर सातबाऱ्यावर भावाबहिणींची नावं लागतात. मग बहिणी रजिस्टर ऑफिसात येऊन आपला हिस्सा भावाला सोडून देतात, भाऊ साडी घेतो, जेवण घालतो आणि माहेर शाबूत राहतं. आठवडाभरात असे तीन दस्त मी नाड्या बांधून ठेवले होते. एकही वाचला नव्हता. पण आता वाचायचं म्हटल्यावर मला एकच पद्धत ठाऊक होती, जी जाधवसरांनी सहा महिने घासून शिकवली होती. स्वल्पविरामाला श्वास, पूर्णविरामाला ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत बघणं, आणि महत्त्वाच्या शब्दाआधी क्षणभर थांबणं.

"'मी लिहून देणार, मालन भगवान पाटील,'" मी म्हणाले आणि मावशीच्या डोळ्यांत बघितलं. मावशी पदर सावरून नीट बसली, नाव पुकारल्यासारखी.

पहिलं पान गट नंबर आणि चतुःसीमांचं होतं. पूर्वेस ओढा, पश्चिमेस खाशाबांचं रान. मावशी प्रत्येक दिशेला मान हलवत होती, जणू मी तिला बांधावरून फिरवत होते.

"बरोबर हाय," ती मधेच म्हणाली. "ओढ्याकडं निगडीचं झुडूप हाय, ते न्हाई लिवलं?"

"झुडपं लिहीत नाहीत, मावशी," बाई म्हणाल्या. "केतकी, पुढं."

दुसऱ्या पानावर मी पोचले.

"'सदर मिळकतीतील माझा संपूर्ण अविभक्त हिस्सा, मी माझा भाऊ शहाजी याच्या लाभात, कोणाच्याही दबावास बळी न पडता, राजीखुशीने व अक्कलहुशारीने, विनामोबदला, कायमचा सोडून देत आहे. यापुढे सदर मिळकतीवर माझा, अगर माझ्या मुलाबाळांचा, अगर वालीवारसांचा, कोणताही हक्क, अधिकार, हितसंबंध,'" इथं मी थांबले, कारण जाधवसर इथं थांबायला लावायचे, "'राहिलेला नाही.'"

पंखा फिरत होता. मावशीनं हात वर केला, वर्गात करतात तसा.

"परत एकदा म्हण गं."

मी परत वाचलं. तितकंच सावकाश.

"हितसंबंध म्हंजे?"

"म्हणजे त्या रानाशी तुमचं काही देणंघेणं राहत नाही," बाई म्हणाल्या.

"बांधावरचा शेवगा मी लावलाय. शेंगा काढायला गेले तर?"

"आक्का," शहाजीकाका हसले, "तुला शेंगांना कोण न्हाई म्हणतंय?"

"कागद म्हणतोय की."

"कागदाचं काय घिऊन बसलीस. कागद बँकेला पायजे. पोराला दुसरं दुकान टाकून द्यायचंय, रान तारण ठेवायचंय, आन बँक म्हणती सातबारा एका नावावर आणा. एवढंच हाय हे."

"बरं," मावशी म्हणाली. "आन ते वरचं? त्याच्या आधी काय म्हणालीस, खुशीचं?"

"राजीखुशीने व अक्कलहुशारीने," मी सांगितलं.

मावशीनं ते शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून बघितले. मग तिनं बाईंकडं बघितलं. "वकीलबाई, मी सही करती. माझं काय म्हणणं न्हाई. तेवढं राजीखुशीनं काढा."

शहाजीकाकांनी आधी बाईंकडं आणि मग माझ्याकडं बघितलं, जणू तो शब्द मी माझ्या पदरचा घातला होता.

"ते काढता येत नाही, मावशी," बाई म्हणाल्या. घसा खाकरून त्यांनी पुन्हा सांगितलं, "स्वतःच्या खुशीनं देत नसाल तर हक्कसोड होतच नाही."

"मग दुसरं कायतरी घाला. 'भाऊ तुटू नये म्हणून देतीय' असं लिवा. खरं हाय ते."

"तसं लिहिलं तर रजिस्ट्रार विचारेल, दबाव आहे का. आणि बँक तर हातसुद्धा लावणार नाही."

"आक्का, एका शब्दानं काय होतंय?" काका म्हणाले.

"व्हत नसंल तर काढा की."

मला हसू येत होतं आणि मी ते दाबत होते. मनातल्या मनात मी मावशीच्या बाजूनं टाळ्या वाजवत होते. जूनमध्ये वर्गात काय बोलायचं ते मला मिळालं होतं. मुलींचा समान हक्क, दोन हजार पाचचा कायदा, आणि पहिली ओळ सुचलीसुद्धा होती. आता मावशी उठणार, कागद फाडणार आणि म्हणणार, माझा हिस्सा मला द्या. मी पेन काढून तयार होते.

"जमीन पायजे का तुला?" शहाजीकाकांनी विचारलं. आवाजातली ऐट गेली होती. "तसं सांग. तोंडावर सांग."

"जमीन घिऊन मी काय करू रं," मावशी म्हणाली. "माझ्या घरचंच रान मला उरकंना. पोरं पुण्याला."

माझं पेन तसंच राहिलं.

"मग अडलंय काय?"

"अडलं कुठं हाय? सही करती म्हणतीय ना. तेवढं खोटं नगो."

"खोटं? मी तुला काय कमी केलंय का? वडलांच्या दुखण्यात मी गुंटूरवरनं पैसं पाठवलं न्हाईत?"

"पाठवलंस. मी कधी न्हाई म्हणाले? अख्ख्या गावाला सांगितलं, शाजानं पाठवलं."

"मग?"

मावशीनं टेबलावरची स्टॅम्पची डबी उचलली, उघडली, बंद केली, परत जागेवर ठेवली. मग बोलली ती अगदी हळू, भांडणाचा सूर नव्हताच.

"तू मला विचारलं न्हाईस, शाजा. परवा फोन केलास. 'आक्का, शुक्रवारी विट्याला ये, आधारकार्ड घिऊन ये, सही करायचीय.' रेशनच्या दुकानात बोलवावं तसं. मी म्हणलं, भाऊ जत्रंला आलाय, घरी यील, वट्यावर बसंल, म्हणंल, आक्का, असं असं हाय, पोराचं दुकान हाय, तुझा वाटा दे. मी काय न्हाई म्हणले असते व्हय? उठून नाचत दिला असता. त्याला खुशी म्हणत्यात. हितं मी आले, कागद टाइप हुन तयार, आन माझी खुशी त्यात आधीच लिवलेली."

बाईंनी हातातल्या पेनला टोपण लावलं.

"शहाजीराव," बाई म्हणाल्या, "आता हे मी ऐकलंय. ऐकून न ऐकल्यासारखं मला करता येणार नाही."

"वकीलबाई, तुम्ही थांबा जरा." काका खुर्ची सरकवून बहिणीसमोर वळले. "आक्का, चुकलं माझं. विचारायला पायजे हुतं. आता विचारतो. देतीस का?"

"आता नंबर लागलाय, मटण सांगितलंय, बँकेचा माणूस फोनवर हाय. आता विचारणं म्हंजे काय रं?"

"मग मी करू तरी काय? उद्या मला गुंटूरला निघायचंय. म्हण ना एकदा, खुशीनं देते म्हणून. माझ्यासाठी म्हण."

"मी कशाला म्हणू?" मावशीनं माझ्या हातातली पानं घेतली आणि त्याच्यापुढं धरली. "तू म्हण. तूच वाच हे, ह्या पोरीनं वाचलं तसं, माझ्याकडं बघून. तुला वाटत असंल आक्का खुशीनं देतीय, तर वाच सरळ. मी सही करती, पुन्हा एक शब्द काढणार न्हाई. देवाशपथ."

काकांनी पानं घेतली. मला वाटलं, संपलं. एका ओळीचं काम. त्यांच्यासारखा माणूस, ज्यानं परक्या मुलखात परक्या भाषेत धंदा उभा केला, तो एक ओळ वाचणार नाही होय?

त्यांनी शर्टाच्या खिशातला चष्मा काढून लावला. वाचायची सवय नसावी. सातवीतनंच भट्टीवर गेलेले, हे मला नंतर कळलं. बोट ओळीखालून चाललं होतं. "'सदर... मिळकतीतील माझा संपूर्ण... अविभक्त हिस्सा मी माझा भाऊ शहाजी...'" स्वतःचं नाव आलं तिथं ते थोडे अडखळले आणि पुढं गेले. "'याच्या लाभात... कोणाच्याही दबावास बळी न पडता...'"

मग मान वर करून त्यांनी बहिणीकडं बघितलं. तिनं सांगितलं होतं म्हणून बघितलं असावं. मावशी त्यांच्याकडंच बघत होती. रागानं नाही. लहान मूल पाठ म्हणून दाखवत असताना घरचं माणूस बघतं ना, ओठ त्याच्याबरोबर किंचित हलवत, तसं. जणू म्हणत होती, म्हण, जमेल तुला.

त्यांचं बोट 'राजीखुशीने'च्या 'रा'खाली टेकलेलं होतं. तोंड उघडलं, मिटलं. पंख्यानं पानाची कड उडत होती आणि ते दुसऱ्या हातानं दाबून धरत होते. पुन्हा तोंड उघडलं. मी माझ्या आयुष्यात एवढा मोठा विराम ऐकला नव्हता, आणि स्पर्धेत तर असा विराम म्हणजे मुलगा विसरला, संपला, असं आम्ही धरायचो.

टेबलावरचा फोन वाजला. गुरवकाका होते. बाईंनी ऐकून घेतलं आणि बसक्या आवाजात म्हणाल्या, "मागच्या माणसाला जाऊ द्या. आपला नंबर सोडा."

शहाजीकाकांनी चष्मा काढला. पानं टेबलावर पालथी घातली. "बँकेला काय सांगू ते तुम्हीच सांगा मला आता," ते कुणाला म्हणाले कळलं नाही. उठले, दाराशी गेले, पाठमोरेच म्हणाले, "मी गाडीत हाय," आणि जिना उतरून गेले.

खालून एकदा हॉर्न वाजला. मग बराच वेळ वाजला नाही. मावशीनं पाण्याचा तांब्या संपवला, बाईंना नमस्कार केला.

"जाती. उन्हात बसलाय त्यो."

"मावशी, काही लागलं तर या," बाई म्हणाल्या.

"काय लागायचंय आता," ती म्हणाली आणि माझ्या गालाला हात लावून गेली. मी खिडकीतून बघितलं. ती मागच्या दारानं बसायला गेली, तर आतून पुढचं दार उघडलं गेलं. पण दोघं बोलत नव्हती. गाडी हॉटेलाच्या दिशेनं न जाता गावाकडं वळली.

मी बाईंकडं वळले. मला वाटलं, त्या माझी पाठ थोपटतील.

"वाच म्हटलं होतं, केतकी. भाषण ठोक म्हटलं नव्हतं."

"पण बाई, त्यांना कळायला नको का?"

"कळलं ना. बघितलंस ना काय होतं कळल्यावर." त्यांनी ती पानं फायलीत घातली, नाडी मात्र मला बांधायला दिली नाही, स्वतः बांधली. गाठ मारता मारता म्हणाल्या, "वीस वर्षं हेच टाइप करतेय मी. तो शब्द छापील असल्यासारखा बोटं आपोआप मारतात." मग जरा वेळानं, फायलीकडं बघत, "सोमवारी महाडिकांचा दस्त आहे. तो पण तूच वाच."

"कसा वाचू?"

"तुला येतो तसा."

जूनमध्ये वर्गात मी बोलले. समान हक्काचं बोलले, कायद्याचं बोलले, टाळ्या पडल्या. पण घरी येताना वाटत राहिलं की मी भलतीच गोष्ट सांगून आले. जमीन पाहिजे का म्हटल्यावर ती 'नको' म्हणाली होती, आणि हे मी भाषणात घातलंच नव्हतं. कुठं घालावं तेच सुचलं नव्हतं.

आता मी बारावीत आहे. स्पर्धा अजून करते, पण भाषणं स्वतः लिहिते, आणि जाधवसर म्हणतात की तू हल्ली थांबतेस फार. गेल्या महिन्यात आईबरोबर बाजारात गेले होते. मिरच्यांच्या ढिगापाशी मालनमावशी दिसली. केस पांढरे झालेत, बाकी तशीच. मी जाऊन समोर उभी राहिले.

"मावशी, ओळखलंत?"

तिनं डोळे बारीक केले. "वाचणारी पोरगी," ती म्हणाली. "केवढी झालीस गं. वकीलबाईंचा घसा बरा झाला का?"

"तीन वर्षं होत आली, मावशी."

"व्हय की." ती हसली.

मला विचारायचं होतंच. आई पुढं गेली होती. "मावशी, त्या दस्ताचं पुढं काय झालं?"

"काय व्हायचंय. तसाच ऱ्हायला. दोघांची नावं हाईत अजून. त्याच्या पोराचं दुकान लांबलं. त्यो चिडला, बायको चिडली. दोन दिवाळ्या भाऊबीजंला आला न्हाई. फोन न्हाई, जत्रंला आला तरी माझ्याकडं न्हाई."

इतकी वर्षं मला ते माहीत नव्हतं. "मी गुरवकाकांसारखं भराभर वाचलं असतं, तर तुम्ही सही करून मोकळ्या झाला असता."

"झाले असते."

"आणि भाऊ आला असता दर वर्षी."

"आला असता की. साडी घिऊन." तिनं एक मिरची उचलून देठ मोडून बघितला. "यंदा आला. अचानक, न सांगता. वट्यावर बसला, च्या प्याला, जमिनीचं चकार बोलला न्हाई. मीबी न्हाई बोलले. पुढच्या खेपंला बोलंल."

"दोन वर्षं तुम्हाला काय वाटायचं?"

"काय वाटायचं? लोक म्हणायची, मालन, गेला तुझा भाऊ, एका शब्दापायी घालवलास. मी दर भाऊबीजंला ताट करून ठिवायची. सून हसायची."

"कशाच्या भरवशावर?"

मावशीनं माझ्याकडं बघितलं, जणू मीच विचारावं याचं तिला नवल वाटलं.

"आगं, तू हुतीस की तिथं. त्यानं त्यो शब्द सरळ वाचला असता, तर मी सही करून दिली असती, जेवूनबी आले असते, आन पुन्हा कधी त्याची वाट बघितली नसती. त्याच्या तोंडातनं निघालाच न्हाई त्यो. बोट ठिवून बसला नुसता." तिनं मिरच्यांची पिशवी माझ्या हातात धरायला दिली आणि सुटे काढायला कनवटीला हात घातला. "मग येणार न्हाई तर जाईल कुठं?"